विश्लेषण : वर्तन ‘अपसामान्य’ आहे, हे ठरवते कोण आणि कसे?

सिंहस्थात त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर अंगाला भस्म फासलेले नागा साधू स्नानाला निघतात, तेव्हा दुतर्फा भाविक हात जोडून उभे असतात. त्याच अवस्थेत एखादा माणूस एरवी नाशिकच्या शालिमार चौकात फिरताना दिसला, तर कुणी तरी लगेच पोलिसांना फोन करील. अंगावर वस्त्र नसणे दोन्हीकडे सारखेच, पण त्याचा अर्थ पूर्ण वेगळा. नाशिक-त्र्यंबकेश्वरात २०२७ मध्ये पुन्हा सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. मग वर्तन ‘विचित्र’ आहे की ‘आजाराचे लक्षण’ आहे, हे मानसशास्त्र कशावरून ठरवते? हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. उपचार मिळणे, मनाविरुद्ध रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, विम्याचा दावा, घटस्फोटाचा खटला अशा अनेक गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात.

‘अपसामान्य’ म्हणजे नेमके काय?

मराठी पाठ्यपुस्तकांत या विषयाला ‘अपसामान्य मानसशास्त्र’ म्हणतात. ‘अप’ म्हणजे दूर गेलेले. सामान्यापासून दूर गेलेले वर्तन ते अपसामान्य, असा त्याचा सरळ अर्थ. पण ‘सामान्य’ म्हणजे काय, इथेच खरी अडचण सुरू होते.

पहिला निकष आकड्यांचा. बहुसंख्य लोकांत जे आढळते ते सामान्य, क्वचित आढळते ते अपसामान्य. बुद्ध्यंकाच्या प्रचलित चाचण्यांत सरासरी १०० मानली जाते. ७०च्या खाली साधारण दोन टक्के लोक येतात आणि १३०च्या वरही साधारण तितकेच. दोन्ही टोके सारखीच दुर्मीळ असली, तरी १३०च्या वर बुद्ध्यंक असलेल्या मुलाला कुणी डॉक्टरकडे नेत नाही. उलट, एखादी गोष्ट सर्रास आढळते म्हणून ती निरोगी ठरत नाही. गावातल्या निम्म्या लोकांचे दात किडलेले असले, तरी दातांची कीड हा आजारच असतो. मनाच्या बाबतीतही तसेच आहे. बंगळूरुच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. (त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता.) म्हणजे हे आजार दुर्मीळ मुळीच नाहीत. त्यामुळे केवळ मोजदाद करून अपसामान्यता ठरवता येत नाही.

समाजाचे नियम मोडणारा आजारी असतो का?

दुसरा निकष सामाजिक नियमांचा. चारचौघांत कसे बोलावे, कसे वागावे याच्या अपेक्षा असतात. त्या सतत मोडणारे वर्तन खटकते. रोजच्या जीवनात हाच निकष सर्वाधिक वापरला जातो आणि सर्वाधिक घात त्यानेच केला आहे.

अमेरिकेत १८५१ मध्ये सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने मालकापासून पळून जाण्याची गुलामांची इच्छा हा एक मानसिक आजार असल्याचे सांगून त्याला ‘ड्रेपटोमेनिया’ असे भारदस्त नावही दिले होते. सोव्हिएत संघात सरकारविरोधी बोलणाऱ्यांना स्किझोफ्रेनियाचे रुग्ण ठरवून मनोरुग्णालयांत डांबले जात होते. समलैंगिकता हा अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या यादीत १९७३ पर्यंत आजार होता. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीतून ती काढण्यास १७ मे १९९० रोजी मंजुरी दिली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. मधल्या काळात माणसे बदलली नव्हती, निकष बदलले होते.

नाशिककरांना यासाठी दूर जायची गरज नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो सत्याग्रही तेव्हाच्या प्रचलित रूढीविरुद्ध उभे राहिले होते. पुण्यात मुलींना शिकवायला निघालेल्या सावित्रीबाई फुले यांच्यावर दगड आणि शेण फेकणाऱ्यांच्या दृष्टीनेही ‘वेडे’ वर्तन सावित्रीबाईंचेच होते. सामाजिक नियम हाच निकष मानला, तर प्रत्येक सुधारक आधी रुग्ण ठरेल.

म्हणूनच मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ३ मध्ये स्पष्ट तरतूद आहे. एखाद्याचा राजकीय, आर्थिक किंवा सामाजिक दर्जा, त्याचा वांशिक, सांस्कृतिक वा धार्मिक गट, तसेच समाजातील प्रचलित नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक, राजकीय मूल्यांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी न जुळणे, या कारणांवरून त्याला मानसिक आजार असल्याचे ठरवता येत नाही.

मग मानसशास्त्रज्ञ काय पाहतात?

एकच निकष पुरेसा नाही, हे मान्य केल्यावर अभ्यासक चार गोष्टी एकत्र पाहतात : वेगळेपणा, त्रास, कामकाजात अडथळा आणि धोका.

वेगळेपणा म्हणजे त्या माणसाचे वय, त्याचा समाज, त्याची परिस्थिती लक्षात घेता ते वर्तन अनपेक्षित आहे का. तीन वर्षांचे मूल अदृश्य मित्राशी बोलते तेव्हा त्याचे कौतुक होते. तिशीतला माणूस कानात येणाऱ्या आवाजांना उत्तरे देत असेल, तर विचार करावा लागतो.

त्रास म्हणजे त्या व्यक्तीला स्वतःला किती यातना होत आहेत. इथेही मेख आहे. उन्मादाच्या झटक्यात माणसाला आपण जगज्जेते आहोत असे वाटते. तीन-तीन रात्री झोप नसते, साठवलेले पैसे उधळले जातात आणि तरीही त्याला काडीचा त्रास जाणवत नाही. त्रास घरचे भोगतात.

कामकाजात अडथळा हा निकष व्यवहारात सर्वांत उपयोगी. शाळा, नोकरी, शेती, स्वयंपाक, अंघोळ, नातेसंबंध यांतले काय अडले आहे? दाराचे कुलूप दोनदा तपासणे ही सवय झाली. कुलूप तपासण्यात रोज तास-दीड तास जाऊन सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यातली पाळी चुकत असेल, तर तो मंत्रचळाचा आजार असू शकतो.

चौथा निकष धोक्याचा, स्वतःला किंवा इतरांना. त्याचा गैरसमजच अधिक झाला आहे. मानसिक आजार असलेले बहुसंख्य लोक हिंसक नसतात. हिंसा आणि फसवणुकीचे बळी होण्याचीच शक्यता त्यांच्या बाबतीत जास्त असते.

या चारही निकषांना काळाचे परिमाण जोडले जाते. नैराश्याच्या आजाराचे निदान करताना लक्षणे किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ आहेत का, हे पाहतात. एक वाईट दिवस किंवा एक वाईट आठवडा म्हणजे आजार नव्हे. अमेरिकी अभ्यासक जेरोम वेकफिल्ड यांनी १९९२ मध्ये याची नेटकी मांडणी केली. मनाची एखादी यंत्रणा तिचे स्वाभाविक काम करीत नसेल आणि त्यामुळे त्या व्यक्तीचे नुकसान होत असेल, या दोन्ही अटी पूर्ण झाल्या तरच विकार म्हणावा, असे ते सांगतात. यातली पहिली अट शास्त्राची आहे, दुसरी समाजाच्या मूल्यांची.

अंगात येणे हा आजार आहे का?

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न दर वर्षी चैत्रोत्सवात आणि नवरात्रात सप्तशृंग गडावर समोर येतो. पायऱ्या चढताना एखादी बाई घुमू लागते, बरोबरचे लोक तिला सावरतात, हळदी-कुंकू लावतात. थोड्या वेळाने ती शांत होते आणि दर्शन घेऊन घरी परतते. दुसऱ्या दिवशी तिचे घर, शेत नेहमीसारखे सुरू असते.

जागतिक आरोग्य संघटनेची आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तिच्यात भारावस्थेच्या विकारांची नोंद आहे. मात्र ही अवस्था सामूहिक सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रथेचा स्वीकृत भाग असेल, तर तिला विकार म्हणायचे नाही, अशी अट त्यातच घातलेली आहे. ती अवस्था अनिच्छेने, वारंवार, प्रथेच्या चौकटीबाहेर येत असेल, तिच्यामुळे व्यक्तीला यातना होत असतील किंवा तिचे जगणे विस्कळीत होत असेल, तरच विकाराचा विचार होतो. म्हणजे गडावरचे घुमणे आणि घरात रोज होणारे, कामधंदा बंद पाडणारे घुमणे यांत शास्त्र स्वतःच फरक करते.

धोका असतो तो दुसऱ्या टोकाला. खऱ्या आजाराला ‘बाहेरची बाधा’ समजून कुटुंब महिनोन्महिने मांत्रिकाच्या फेऱ्या मारते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळदंडाने बांधून ठेवणे हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी निवाऱ्यात आग लागली. दर्ग्यात बरे वाटेल या आशेने घरच्यांनी तिथे आणून ठेवलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. ते साखळ्यांनी बांधलेले होते, त्यामुळे त्यांना पळता आले नाही. माणसाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधून ठेवण्यास २०१७च्या कायद्यानेही मनाई केली आहे.

दुःख आणि नैराश्य यांची सीमारेषा कुठे?

काढणीला आलेल्या द्राक्षबागेवर गारपीट झाली किंवा लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा भाव खर्चाच्याही खाली आला, तर निफाड-चांदवडच्या शेतकऱ्याची झोप उडणारच. ती परिस्थितीला दिलेली स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. त्यावर गोळी हे उत्तर नव्हे. भाव, विमा आणि कर्ज यांचा प्रश्न तिथे आधी सुटायला हवा. पण ‘कारण दिसते आहे’ म्हणून आजार नाही, असेही होत नाही. आठवड्यामागून आठवडे भूक नाही, पहाटे तीनला जाग येते, नातवंडेही नकोशी वाटतात, ‘आपण नसलेलेच बरे’ असे विचार येतात, ही लक्षणे असतील तर कारण कितीही खरे असले तरी उपचारांची गरज असते. आर्थिक संकट आणि आजार एकाच घरात, एकाच वेळी असू शकतात.

शोकाबाबतही हाच वाद आहे. जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरचा तीव्र शोक हा आजार नाही, यावर एकमत आहे. मात्र तो किती काळ चालला की मदतीची गरज मानावी? जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात किमान सहा महिन्यांचा, तर अमेरिकी वर्गीकरणाच्या २०२२च्या सुधारित आवृत्तीत प्रौढांसाठी किमान १२ महिन्यांचा काळ सांगितला आहे. त्या समाजाच्या शोकाच्या रीतीपेक्षा तो बराच जास्त असला पाहिजे, ही अट दोन्हींत आहे. शोकालाही आजारांच्या यादीत आणले, अशी टीका त्यावर झाली. दोन मोठ्या यंत्रणांनी दोन वेगळ्या मुदती दिल्या, यावरूनच ही सीमारेषा माणसांनी आखलेली आहे हे दिसते.

सीमारेषेपलीकडच्यांना शोधण्यासाठी प्रत्येक गावात मानसोपचारतज्ज्ञ लागतोच असे नाही. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देण्यात आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले आहे.

आजार नाही म्हणजे मानसिक आरोग्य आहे का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मानसिक आरोग्य ही स्वास्थ्याची अशी स्थिती आहे की, जिच्यात माणसाला आपल्या क्षमतांची जाण असते, तो रोजचे ताण पेलू शकतो, काम करू शकतो आणि आपल्या समाजाला काही देऊ शकतो. मानसशास्त्रज्ञ मारी याहोडा यांनी १९५८ मध्येच ‘आजार नसणे’ ही व्याख्या अपुरी असल्याचे सांगून सहा कसोट्या मांडल्या होत्या. स्वतःविषयीची दृष्टी, व्यक्तिमत्त्वाची वाढ, मनाची एकसंधता, स्वायत्तता, वास्तवाचे भान आणि परिस्थिती हाताळण्याची क्षमता या त्या कसोट्या.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. आजार आणि आरोग्य ही एकाच पट्टीची दोन टोके नाहीत. कोणताही आजार नसलेला माणूस आतून कोरडा, एकाकी जगत असू शकतो. उलट स्किझोफ्रेनियाचे निदान झालेली व्यक्ती नियमित औषधे घेऊन नोकरी करते, सण साजरे करते, मित्र जोडते. धुळे जिल्ह्यात जन्मलेले आणि कॅनडात प्राध्यापक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या स्किझोफ्रेनियाचा अनुभव घेतल्यावर पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी करण्यात पुढाकार घेतला. २००४ मधला ‘देवराई’ हा मराठी चित्रपटही त्यांच्याच प्रयत्नांतून आला. रुग्ण आणि कुटुंबीय यांना एकत्र आणून, आजारासह जगणे शक्य आहे हे दाखवणे हा त्यामागचा हेतू होता.

निदानाचा शिक्का चुकू शकतो का?

मधुमेहासाठी रक्तातली साखर मोजता येते. बहुतेक मानसिक आजारांसाठी अशी रक्तचाचणी किंवा स्कॅन नाही. निदान मुलाखत, निरीक्षण, पूर्वेतिहास आणि मानसशास्त्रीय चाचण्या यांवर होते. त्यामुळे चुकीला वाव राहतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रोझनहान यांचा १९७३चा लेख यासाठी प्रसिद्ध आहे. आठ निरोगी व्यक्तींनी आवाज ऐकू येत असल्याची खोटी तक्रार करून १२ रुग्णालयांत प्रवेश मिळवला आणि आत गेल्यावर नेहमीसारखे वागूनही त्यांच्यावरचा शिक्का पुसला गेला नाही, असे त्यात म्हटले होते. पत्रकार सुझॅना कॅहलन यांनी २०१९च्या पुस्तकात या प्रयोगाच्या सचोटीवरच गंभीर प्रश्नचिन्ह उभे केले. प्रयोग वादग्रस्त ठरला, तरी एकदा नाव लागले की माणसाची प्रत्येक हालचाल त्याच नावाने वाचली जाते, हा मुद्दा रुग्णांच्या कुटुंबीयांना नवा नाही.

शिक्क्याचे परिणाम न्यायालयापर्यंत जातात. राम नारायण गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट केले की, स्किझोफ्रेनियाचे केवळ निदान घटस्फोटासाठी पुरेसे नाही. आजाराची तीव्रता किती आणि त्यामुळे एकत्र राहणे खरोखर अशक्य होते का, हे पाहावे लागेल. २०१७च्या कायद्यानुसारही पूर्वी उपचार घेतले होते एवढ्यावरून आज आजार आहे असे ठरत नाही आणि आजार आहे एवढ्यावरून माणूस विकल मनाचा ठरत नाही. ते ठरवण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा आहे.

कायद्याची व्याख्या काय सांगते?

१९१२च्या इंग्रजकालीन कायद्यात ‘ल्युनॅटिक’ हा शब्द होता. १९८७च्या कायद्याने तो काढून ‘मानसिकदृष्ट्या आजारी व्यक्ती’ असा शब्द आणला. २०१७चा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. विचार, भावस्थिती, संवेदन, स्थलकालाचे भान किंवा स्मृती यांतला असा ठळक बिघाड की, ज्यामुळे निर्णयशक्ती, वर्तन, वास्तव ओळखण्याची क्षमता किंवा रोजच्या गरजा भागवण्याची क्षमता गंभीरपणे बाधित होते, अशी त्याची व्याख्या आहे. दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितीही त्यात येतात. वेगळेपणा हा शब्द या व्याख्येत कुठेही नाही.

रुग्णाच्या संमतीशिवाय दाखल करायचे असेल, तर दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते. त्याच्यापासून स्वतःला किंवा इतरांना गंभीर धोका किंवा स्वतःची काळजी घेण्याची असमर्थता दिसली पाहिजे. असा प्रवेश सुरुवातीला ३० दिवसांपुरताच असतो. रस्त्यावर भटकणारी, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी मनोरुग्ण व्यक्ती आढळली, तर तिला संरक्षण देऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेणे पोलिसांचे कर्तव्य आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला काळजी व उपचार देण्याची जबाबदारी शासनावर आहे. मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच वैद्यकीय विमा देणेही बंधनकारक आहे.

मदत केव्हा आणि कोणाकडे मागावी?

राष्ट्रीय सर्वेक्षणात विविध मानसिक आजारांच्या सुमारे ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे आढळले होते. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत, उत्तर महाराष्ट्रात एकही नाही. मात्र बहुतेक रुग्णांना अशा रुग्णालयात राहण्याची गरजच नसते. जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम यांच्यापासून सुरुवात करता येते. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर असतात आणि औषधे देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि बोलण्यातून उपचार करतात. अनेकदा दोघांचीही गरज असते.

घरातल्या कुणाबद्दल शंका असेल, तर ‘लोक काय म्हणतील’ याऐवजी तीन गोष्टी पाहाव्यात. झोप, जेवण, काम यांत दोन आठवड्यांपेक्षा अधिक काळ बदल आहे का? त्या व्यक्तीला किंवा घरच्यांना त्याचा त्रास होतो आहे का? स्वतःला इजा करण्याची भाषा येते आहे का? तिसऱ्याचे उत्तर ‘हो’ असेल, तर दोन आठवडे थांबायचे नाही, त्याच दिवशी मदत घ्यायची. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही बोलता येते.